सीईटी लॉची तयारी: मॉक द्यायची कशी आणि दिल्यावर करायचं काय

पदवीनंतर वकिलीकडे वळायचं ठरवलं की पहिला प्रश्न असतो, कुठलं पुस्तक घेऊ? दुसरा लगेच येतो, मॉक, म्हणजे सराव परीक्षा, किती देऊ? माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या मुलामुलींना मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देत नाही. चाळीस मॉक देऊनही पहिल्या मॉकच्या आसपासच गुण मिळवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. दहा-बारा मॉकमध्ये चांगली झेप घेणारेही पाहिलेत. दोघांच्या हुशारीत फारसा फरक नसतो. मॉक संपल्यावर पुढचे दोन-तीन तास कोण काय करतं, फरक तिथे पडतो. म्हणून या लेखात मॉक देण्याबद्दल बोलूच, पण जास्त बोलणार आहे ते मॉक तपासण्याबद्दल.

लेख मुख्यतः महाराष्ट्राच्या तीन वर्षांच्या एलएलबी सीईटीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या विधी प्रवेश परीक्षेसाठी आहे. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांनाही पद्धत तीच लागू पडेल. मात्र त्यांच्या पेपरमधलं प्रश्नांचं वाटप वेगळं असतं, ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

परीक्षेचा साचा आधी डोक्यात बसवा

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, तो ही परीक्षा घेतो. विधी प्रवेशासाठी सीईटी २०१६ पासून सुरू झाली. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५) असो, पुण्याचं आयएलएस (स्थापना १९२४) असो की तुमच्या तालुक्याच्या गावातलं साधं लॉ कॉलेज, केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून जायचं तर हा पेपर द्यावाच लागतो.

पेपर संगणकावर होतो. १२० प्रश्न, १२० मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. तीन वर्षांच्या सीईटीत इंग्रजीला ४० गुण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना ३२, कायदेविषयक अभियोग्यतेला २४ आणि तार्किक क्षमतेला २४. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत असतो. इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीत.

या वाटपाकडे जरा थांबून बघा. कायद्याच्या परीक्षेत कायद्याचे गुण पाचात एक आणि इंग्रजीचे तिनात एक. तरी बहुतेकांच्या टेबलावर कायद्याचीच पुस्तकं सगळ्यात जाड असतात. मॉक द्यायला लागलं की हा तोल आपोआप लक्षात येतो. तो परीक्षेच्या महिन्यात लक्षात येण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच आलेला बरा.

पहिली मॉक अभ्यासाच्या आधी

'जरा अभ्यास होऊ दे, मग मॉक देतो' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. ते ऐकून सोडून द्या. पहिल्याच आठवड्यात, काहीही न वाचता, एक पूर्ण मॉक द्या. गुण कमी येतील आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कारण ती मॉक गुणांसाठी नाहीच. कुठल्या विभागात तुम्ही आधीच बरे आहात आणि कुठे शून्यापासून सुरुवात आहे हे तिच्यातून कळतं. कॉमर्सच्या मुलीला तार्किक क्षमतेत अडचण नसते पण राज्यघटना तिने दहावीनंतर उघडलेली नसते. राज्यशास्त्र घेऊन बीए केलेल्याला घटना तोंडपाठ असते पण बैठक व्यवस्थेचं कोडं दिसलं की तो पान उलटतो. दोघांनी एकच वेळापत्रक पाळायचं म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवायचा.

मॉक निवडताना

बाजारात आणि मोबाइलवर मॉकचा तुटवडा नाही. अडचण वेगळीच आहे. त्यातल्या बऱ्याच मॉक जुन्या झाल्यात आणि नव्या मुखपृष्ठाखाली विकल्या जातायत.

पहिली खूण प्रश्नसंख्येची. पूर्वी हा पेपर १५० प्रश्नांचा होता. तुमच्या हातातली मॉक १५० प्रश्नांची असेल तर ती फेकू नका, पण पूर्ण पेपर म्हणून वेळ लावून सोडवू नका. तिचे विभाग सुटे करून सरावाला वापरा. दीडशे प्रश्न दोन तासांत सोडवायची सवय लागली की एका प्रश्नाला ४८ सेकंदच मिळतात आणि हात विनाकारण घाई करायला शिकतो. आता तुमच्याकडे पूर्ण ६० सेकंद आहेत. ते बारा जादा सेकंद प्रश्न दुसऱ्यांदा वाचायला वापरायचे आहेत.

दुसरी खूण कायद्याची, आणि ही जास्त महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या मॉकमध्ये खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आणि फसवणुकीचं ४२० हे 'बरोबर उत्तर' म्हणून छापलेलं असतं. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि फसवणूक ३१८ मध्ये. नव्या संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे, म्हणजे जुन्या सवयीने टिक केलं तर थेट भलत्याच गुन्ह्यावर टिक होते. सगळ्यात घातक जोडी १४४ ची. जमावबंदीचा आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ खाली निघायचा, तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतो. आणि त्याच नव्या संहितेतलं १४४ आहे पोटगीबद्दल, जे आधी १२५ मध्ये होतं.

म्हणून मॉक विकत घेण्याआधी तिचा कायद्याचा एक विभाग उघडून बघा. त्यात दंड संहितेची जुनी कलमं चालू कायदा म्हणून विचारली असतील तर पैसे देऊ नका. जुने क्रमांक पूर्णपणे विसरायचे असं मात्र मी म्हणणार नाही. जुने निकाल आणि जुन्या बातम्या त्याच क्रमांकांनी बोलतात. खून, खुनाचा प्रयत्न, चोरी, फसवणूक, अब्रुनुकसानी, हयगयीने मृत्यू अशा रोजच्या वीस-पंचवीस गुन्ह्यांचे जुने-नवे क्रमांक शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा. एवढं पुरतं.

तिसरी खूण स्पष्टीकरणाची. नुसती 'उत्तर: ब' अशी उत्तरतालिका देणारी मॉक निम्म्या कामाची. चौथी, मराठीची. काही मॉकमधलं मराठी वाचून प्रश्नच कळत नाही. तुमचं माध्यम मराठी असेल तर दोन्ही भाषांत प्रश्न दाखवणारी मॉक घ्या आणि मराठी वाक्य अडलं की इंग्रजी वाक्याकडे नजर टाकायची सवय आतापासूनच लावा. वादी, प्रतिवादी, प्रतिफल, अपकृत्य, दखलपात्र, प्रतिज्ञापत्र यांसारख्या संज्ञा दोन्ही भाषांत ओळखता आल्या पाहिजेत, म्हणजे कुठल्याही भाषेत वाचलं तरी अडत नाही.

क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, मॉकबद्दलही विचारणा होते. क्लॅटचा पेपरही १२० प्रश्नांचा आणि दोन तासांचा, पण तो कागदावर होतो, फक्त इंग्रजीत होतो, सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आपल्या सीईटीत प्रश्न बहुतांशी सुटे आणि थेट असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर क्लॅटचे नमुना पेपर मोफत मिळतात. त्यातले कायद्याचे आणि इंग्रजीचे उतारे वाचनाच्या सरावाला फार चांगले आहेत. पण तो पूर्ण पेपर सीईटीची मॉक म्हणून देऊ नका.

बसायचं कुठे आणि कसं

मोबाइलवर, लोकलमध्ये, चहा पिता पिता दिलेली मॉक ही मॉक नसते. सुटे प्रश्न तिथे जरूर सोडवा. पूर्ण मॉक मात्र संगणकावर, टेबलाशी बसून, एका बैठकीत द्या. घरी संगणक नसेल तर कॉलेजची लायब्ररी, गावातलं सायबर कॅफे किंवा मित्राचा लॅपटॉप, काहीतरी सोय करा. निदान शेवटच्या सहा-सात मॉक तरी माउसने सोडवलेल्या असाव्यात. पडद्यावर उतारा एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला असला की डोळ्यांना वेगळीच सवय लागते. कागदावर आपण जशा ओळी अधोरेखित करतो तशा तिथे करता येत नाहीत.

पडद्यावरच्या बटणांचाही सराव हवा. उत्तर जतन करून पुढे जाणं, पुनर्विचारासाठी खूण करणं, उत्तर पुसणं ही बटणं वेगळी असतात. पर्याय निवडला पण जतन न करता उजवीकडच्या क्रमांकपट्टीवरून दुसऱ्याच प्रश्नावर उडी मारली आणि उत्तर गेलं, हे परीक्षेच्या दिवशी अनेकांचं होतं. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सरावाची लिंक उपलब्ध असेल तेव्हा ती फक्त या बटणांसाठी एकदा पूर्ण करा.

शेजारी दोन कोरे कागद ठेवा. एक आकडेमोडीला. दुसऱ्यावर फक्त प्रश्नक्रमांक लिहायचे: जिथे उत्तराची खात्री नव्हती, जिथे दोन पर्यायांत अडकलात, जिथे निव्वळ अंदाज मारला. क्रमांकापुढे 'शं' (शंका) किंवा 'अं' (अंदाज) एवढं एक अक्षर पुरे. या कागदाशिवाय पुढची तपासणी अर्धवट राहते, म्हणून हा विसरू नका.

दोन तासांचं गणित

माझा सल्ला तीन फेऱ्यांचा आहे. पहिल्या फेरीत सामान्य ज्ञानाचे ३२ प्रश्न १५ मिनिटांत उरका. येतं ते लगेच येतं, येत नाही ते विचार करून येत नाही. मग इंग्रजीचे ४० प्रश्न ३० मिनिटांत. शब्दार्थ, शब्दयोगी अव्यय, वाक्यातली चूक ओळखणं यांना अर्धा-पाऊण मिनिट आणि उरलेला वेळ उताऱ्याला. त्यानंतर कायद्याचे २४ प्रश्न २६ मिनिटांत, आणि तार्किकचे २४ प्रश्न ३२ मिनिटांत. बेरीज होते १०३ मिनिटं. उरलेल्या १७ मिनिटांत दुसरी फेरी: ज्या प्रश्नांवर खूण केली होती तेवढेच. त्यातली शेवटची दोन मिनिटं तिसऱ्या फेरीला, तेव्हा एकही प्रश्न कोरा उरला नाही ना एवढंच बघायचं.

हा क्रम माझा आहे, तो तुमचाही असावा असा आग्रह नाही. काहींचं डोकं सुरुवातीला ताजं असतं तेव्हा त्यांनी तार्किक आधी घ्यावं. पहिल्या तीन-चार मॉकमध्ये वेगवेगळे क्रम करून बघा आणि मग एक पक्का करा. त्यानंतर क्रम बदलायचा नाही.

तार्किक विभागात एक नियम कडकपणे पाळा: कुठल्याही एका प्रश्नावर दीड मिनिटाच्या वर थांबायचं नाही. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसवण्याचं कोडं सुटलं की फार समाधान मिळतं, पण त्या कोड्याचे सहा मिनिटांत मिळालेले दोन गुण आणि नातेसंबंधाच्या सोप्या प्रश्नांचे दोन मिनिटांत मिळालेले दोन गुण निकालात सारखेच मोजले जातात.

कोऱ्या प्रश्नांबद्दलही हिशेब मांडून बघा. गुण वजा होत नाहीत. बारा प्रश्न कोरे सोडले तर शून्य. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले तर सरासरी तीन मिळतात. त्याच बारांत प्रत्येकी दोन पर्याय विचार करून खोडता आले तर सरासरी सहा. प्रवेशाच्या यादीत एकेका गुणावर कितीतरी नावं उभी असतात, तेव्हा सहा गुण म्हणजे कॉलेज बदलतं. क्लॅट आणि सीईटी दोन्ही देणाऱ्यांनी इथे फार सावध राहावं. क्लॅटमध्ये तीन चुका झाल्या की पाऊण गुण जातो, म्हणून ती मुलं प्रश्न सोडायला शिकलेली असतात. सीईटीत तीच सवय नुकसान करते.

आता तपासणी

मॉक संपली की गुण बघण्याचा मोह आवरणार नाही, बघा. पण पाच मिनिटांत ती खिडकी बंद करा. थोडी विश्रांती घ्या, चहा-पाणी करा आणि त्याच दिवशी तपासणीला बसा. दुसऱ्या दिवशी बसलात तर 'हा पर्याय मी का निवडला होता' हे आठवत नाही, आणि तपासणीत तेच तर शोधायचं असतं.

एक वही करा. तिला माझ्याकडची मुलं चूकवही म्हणतात. चुकलेला प्रत्येक प्रश्न, आणि तुमच्या त्या दुसऱ्या कागदावर 'शं' किंवा 'अं' लिहिलेला प्रत्येक प्रश्न, तो बरोबर आला असला तरी, या वहीत जातो. अंदाजाने मिळालेला गुण पुढच्या वेळी मिळेलच असं नाही, म्हणून तो प्रश्न आपण चुकलेलाच धरायचा.

वहीत प्रश्न अख्खा उतरवू नका, वेळ जातो. चार गोष्टी लिहा: प्रश्न कशाबद्दल होता, मी काय निवडलं, का निवडलं आणि बरोबर उत्तराचं कारण. तिसरा रकाना सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा. तिथे 'येत नव्हतं' एवढंच लिहून पुढे जाऊ नका.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. कायद्याच्या विभागातला प्रश्न असा समजा.

तत्त्व: नोकराने नोकरीचं काम करत असताना केलेल्या चुकीच्या कृत्याला मालक जबाबदार असतो. घटना: सुमनताईंचं एका बँकेत खातं आहे. त्यांच्या शेजारी राहणारे गृहस्थ त्याच बँकेत कारकून आहेत. रविवारी सुमनताईंनी त्यांच्या घरी जाऊन दहा हजार रुपये दिले आणि 'उद्या माझ्या खात्यात भरा' असं सांगितलं. पावती घेतली नाही. कारकुनाने पैसे भरलेच नाहीत, स्वतःसाठी वापरले. बँक जबाबदार आहे का?

अ) आहे, कारण कारकून बँकेचा नोकर आहे. 
ब) नाही, कारण पैसे घेताना तो शेजारी म्हणून वागत होता, बँकेचं काम करत नव्हता. 
क) आहे, कारण ग्राहकाने बँकेवर विश्वास ठेवला होता. 
ड) नाही, कारण कारकुनाने गुन्हा केला आणि गुन्ह्याला मालक कधीच जबाबदार नसतो.

बरोबर उत्तर ब. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध श्यामादेवी या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साधारण अशाच घटनाक्रमावर बँकेला जबाबदार धरलं नव्हतं.

आता समजा तुम्ही 'अ' निवडलं. चूकवहीत 'मालकाचं दायित्व नीट वाचणे' असं लिहिलं तर काहीच हाती लागत नाही, कारण तत्त्व प्रश्नातच दिलेलं होतं. खरं कारण असं लिहा: 'तत्त्वातली अट वाचलीच नाही. नोकरीचं काम करत असताना हे शब्द सुटले.' पुढच्या मॉकला तत्त्व वाचताना तुमची नजर आपोआप अटीवर जाईल. 'क' निवडलं असेल तर कारण वेगळं: 'सुमनताईंची दया आली. तत्त्वात विश्वासाबद्दल काहीच नव्हतं.' आणि 'ड' निवडलं असेल तर ती चूक सगळ्यात बारीक आहे. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. 'गुन्ह्याला मालक जबाबदार नसतो' हे वाक्य तत्त्वात कुठेच नाही, ते तुम्ही बाहेरून आणलं. पेपर काढणारे असा पर्याय मुद्दाम ठेवतात, कारण 'नाही' एवढं ठरवून घाईने कुठलाही 'नाही' निवडणारे खूप असतात.

एकाच प्रश्नात तीन जण तीन वेगळ्या कारणांनी चुकतात, आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. उत्तरतालिका हे सांगू शकत नाही, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

अशा पाच-सहा मॉक तपासल्या की चुकांच्या जाती दिसायला लागतात. माहितीच नव्हती ही एक जात. माहिती होती पण प्रश्न घाईने वाचला, 'नाही' किंवा 'वगळता' हा शब्द सुटला, ही दुसरी. दोन पर्यायांवर येऊन अडकलो आणि चुकीचा धरला, ही तिसरी. वेळ संपला म्हणून राहिलं, ही चौथी. प्रत्येक नोंदीपुढे जात लिहा आणि दर तीन मॉकनंतर मोजा. पहिली जात जास्त असेल तर मॉक थांबवून आठवडाभर वाचा, पुढची मॉक देऊन नवीन काही कळणार नाही. दुसरी जास्त असेल तर पुस्तकाची गरज नाही, वेग कमी करण्याची आहे. तिसरीचं मूळ बहुतेक वेळा अर्धवट पक्क्या झालेल्या संकल्पनेत असतं: मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं, प्रस्ताव आणि प्रस्तावाचं निमंत्रण, बदनामीचं दिवाणी आणि फौजदारी रूप. त्या जोड्या शेजारी मांडून फरक एका ओळीत लिहून काढा. चौथीसाठी वरचं वेळेचं गणित पुन्हा बघा.

उत्तरतालिकाही चुकते, हे ध्यानात ठेवा. एका मॉकमालिकेत घटनेतल्या अनुच्छेदांबद्दलची लागोपाठ तीन उत्तरं चुकीची छापलेली मला सापडली होती आणि ती पाठ केलेली मुलंही भेटली. घटनेचा प्रश्न असेल तर घटनेची प्रत उघडा. ती मराठीत आणि इंग्रजीत मोफत वाचायला मिळते. मुळात बघितलेलं लक्षातही जास्त राहतं.

सामान्य ज्ञानाची चूक वेगळ्या पद्धतीने तपासा

या विभागात 'का निवडलं' याला फार अर्थ नसतो. माहिती नव्हती, झालं. पण तेवढं एक उत्तर पाठ करून उपयोग नाही, तोच प्रश्न परत येणार नाही. चुकलेल्या उत्तराच्या आजूबाजूची माहिती वाचा.

समजा १०६ वी घटनादुरुस्ती कशाबद्दल, हा प्रश्न चुकला. उत्तर आहे लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्ली विधानसभेत महिलांना एक तृतीयांश आरक्षण, २०२३. आता इथेच थांबू नका, मागे जात रहा. १०५ वी, २०२१: सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची आपली यादी ठरवण्याचा राज्यांचा अधिकार. हिचं कारण समजून घेतलं तर ती कधीच विसरणार नाही. १०२ व्या दुरुस्तीने (२०१८) राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला होता. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ असा लावला की मागासवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरत नाही. त्यानंतर काही महिन्यांतच संसदेने १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. १०४ वी: लोकसभा-विधानसभांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाची मुदत वाढवली आणि अँग्लो-इंडियन सदस्यांची नेमणूक थांबली. १०३ वी, २०१९: आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्के. १०१ वी: जीएसटी. एका चुकलेल्या प्रश्नातून सहा प्रश्नांची तयारी झाली, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तर ही साखळी बातम्यांतून आधीच अर्धी माहीत असते.

चालू घडामोडींसाठी वर्षभराची जाडजूड पुस्तिका शेवटच्या महिन्यात वाचायला घेऊ नका. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, त्यात न्यायालयाची बातमी आधी. न्यायालयाची इंग्रजी बातमी वाचली की इंग्रजी, कायदा आणि घडामोडी, तिन्ही विभाग एकदम होतात.

इंग्रजीबद्दल मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

चाळीस गुण बघून पोटात गोळा येतो, मला कल्पना आहे. पण मॉकमधल्या इंग्रजीच्या चुका वेगळ्या काढून बघा. 'माझं इंग्रजी कच्चं आहे' असं ज्यांना सरसकट वाटत असतं त्यांच्या चुका बहुधा चार-पाच ठिकाणीच जमलेल्या सापडतात: शब्दयोगी अव्ययं, कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ, वाक्प्रचार आणि उताऱ्यातला 'लेखकाला काय सुचवायचं आहे' छापाचा प्रश्न. पहिल्या तिन्हींचे नियम मर्यादित आहेत, दोन-तीन आठवड्यांच्या सरावात ते हातात येतात. वाक्प्रचारांसाठी चूकवहीच्या शेवटच्या पानांवर यादी करा, मात्र मॉकमध्ये आणि वाचनात भेटलेल्यांचीच. पाचशेंची तयार यादी पाठ होत नाही. उताऱ्याला वेळ लागतो, म्हणून त्याची सुरुवात पहिल्या दिवसापासून. रोज एक अग्रलेख, आणि तो संपल्यावर त्याचा मुद्दा मराठीत दोन वाक्यांत लिहायचा. मराठीतच लिहा. समजलं आहे की नाही हे मातृभाषेत लगेच उघडं पडतं.

वेळापत्रक

हातात तीन महिने आहेत असं धरू. नोकरी करणाऱ्यांनी हेच चार महिन्यांवर पसरावं. पहिल्या आठवड्यात ती कोरी मॉक. पुढचे पाच आठवडे मुख्य भर वाचनावर आणि विभागवार चाचण्यांवर, पूर्ण मॉक आठवड्यातून एकच, शक्यतो रविवारी, म्हणजे तपासणीला अख्खा दिवस मिळतो. मधल्या आठवड्यांत दोन मॉकच्या मध्ये निदान तीन दिवस ठेवा. शेवटच्या महिन्यात आठवड्याला दोन, तीनच्या वर नाही. रोज एक मॉक देणाऱ्यांकडे तपासायला वेळ उरत नाही आणि चुका जशाच्या तशा पुढच्या मॉकमध्ये जातात.

प्रवेशपत्र आलं की तुमची वेळ कळते. सकाळची असेल तर उरलेल्या मॉक सकाळीच द्या, दुपारची असेल तर जेवून दुपारी. शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी. त्यानंतर फक्त चूकवही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा. त्या दिवसांत नवीन पुस्तक, नवीन मॉक, मैत्रिणीने पाठवलेली 'अतिमहत्त्वाची' पीडीएफ, सगळं बाजूला.

गुणांची तुलना करायची तर स्वतःच्या मागच्या तीन मॉकच्या सरासरीशी करा. एखादी मॉक अवघड काढलेली असते, एखादी विद्यार्थ्यांना खूश ठेवायला सोपी केलेली असते. एका मॉकमध्ये दहा गुण खाली आले म्हणून रात्र जागू नका. सलग तीन मॉकमध्ये एकाच विभागात घसरण दिसली तर मात्र लक्ष घाला.

मॉकच्या महिन्यांतच करायचं एक काम

हे अभ्यासाचं नाही, पण दरवर्षी चांगले गुण मिळवलेली मुलं इथे अडकतात, म्हणून लिहितो. परीक्षेनंतर प्रवेश फेऱ्यांची नोंदणी सुरू झाली की कागदपत्रांना मुदत फार थोडी मिळते. पदवीच्या सर्व गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि आरक्षित प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर. जात वैधतेला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून पहिली मॉक देता त्याच आठवड्यात अर्ज करा. नॉन-क्रीमी लेयरवर ती कुठल्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे हे छापलेलं असतं, ते तुमच्या प्रवेशाच्या वर्षाशी जुळतंय का बघा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही तपासा. वडिलांच्या नावातलं एखादं अक्षर वेगळं असेल तर दुरुस्तीसाठी आत्ता वेळ आहे, फेरीच्या आठवड्यात नसेल.